फाशांवर खेळलेला १९४१ चा सीझन: स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉल

आधीच सांगतो, मला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. परभणीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, क्रिकेट सोडून दुसरा खेळ कधी बघितला नाही. पण भाचा इंजिनिअरिंगला, त्याला आकड्यांचं वेड, त्याच्या ओळखीतलं कोणीतरी अमेरिकेहून येताना बॅगेत हा डबा घेऊन आलं. किती पैसे पडले ते भाच्यानं मला सांगितलंच नाही, त्यामुळं पैसा वसूल का नाही ते मला विचारू नका. पाडव्याला सुरू केला न् दिवाळीच्या दोन दिवस आधी संपवला.

स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा गेम हाल रिचमन नावाच्या माणसानं १९६१ ला न्यूयॉर्कमधून विकायला काढला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, सोबत फासे, बाकी काही नाही. जुन्या एखाद्या सीझनची कार्डं घ्यायची, त्या वर्षीचं टाइमटेबल समोर ठेवायचं आणि सगळ्या मॅच परत खेळायच्या. याला रिप्ले म्हणतात.

बुक क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे पंधरा मिनिटात कळतं. फरक एवढाच की बुक क्रिकेटमध्ये सचिन असो नाहीतर व्यंकटेश प्रसाद, पान उघडलं की सिक्सचा चान्स दोघांना सारखाच. इथं तसं नाही. तीन फासे एकदम टाकायचे, त्यातल्या एका वेगळ्या रंगाच्या फाशावर १, २, ३ आलं तर बॅटरच्या कार्डाचा त्या नंबरचा कॉलम बघायचा, ४, ५, ६ आलं तर पिचरच्या कार्डाचा (पिचर म्हणजे आपला बॉलर समजा), आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज करून तेवढ्या नंबरची ओळ वाचायची. दोन फाशांवर ७ सहा तऱ्हेनं येतं, १२ एकाच तऱ्हेनं. मग भारी बॅटरचा होम रन (आपला सिक्स समजा) ६-७-८ च्या आसपास छापलेला असतो आणि हलक्या बॅटरचा १२ वर, नाहीतर नसतोच. सगळी अक्कल या छपाईत आहे राव! माणसाचं अख्खं वर्ष त्यांनी तीन कॉलमात बसवलंय.

१९४१ कामून घेतलं? तर त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या ज्या नंतर अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये परत कुणाला जमल्या नाहीत. न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओनं सलग ५६ मॅचमध्ये किमान एक तरी हिट (बॉल मारून बेस गाठणं) मारला, आणि बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सनं .४०६ चा अॅव्हरेज काढला, म्हणजे हजार वेळा बॅटिंगला ४०६ हिट. तेव्हा दोन लीग मिळून १६ टीम होत्या, प्रत्येकीच्या १५४ मॅच, सगळं खेळायचं तर १२३२ मॅच होतात. तेवढं आयुष्य नाही आमच्याकडं. आम्ही फक्त या दोन टीम घेतल्या, मी बॉस्टन, भाचा यांकीज, एकमेकांविरुद्धच्या २२ मॅच एकदाच मोजल्या तर २८६. एका मॅचला अर्धा तास. उन्हाळ्यात दुपारी दुकानात कुत्रं फिरकत नाही, आणि लाइट गेली तरी फासे चालतात, कॉम्प्युटरवरच्या गेमला हे सुख नाही.

स्कोअरशीट मीच काढली, पाठपोट, दुकानाचा कागद. बायको म्हणली एवढा टोनर गिऱ्हाइकावर खर्च केला असता तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं. हे घेणाऱ्या माणसाला वाटतं की इतिहास डोळ्यासमोर परत घडल. तसं होत नाही. आमच्या डिमॅजिओची सगळ्यात मोठी रांग १७ मॅचची. भाचा लई नाराज झाला, मग त्यानंच मोबाइलवर हिशोब केला: त्या वर्षीचा त्याचा अॅव्हरेज .३५७, मॅचला चार वेळा बॅटिंग धरली तर एक तरी हिट पडायचा चान्स ८३ टक्के, दहावीला एवढे पडले तर पेढे वाटतो आपण, पण तेच ८३ टक्के सलग ५६ वेळा गुणले की पस्तीस हजारात एकदाच्या आसपास जातं. कार्डाला काल काय झालं ते माहीतच नसतं ना. वर्षाची बेरीज त्याला पाठ असते, दिवस पाठ नसतात.

खऱ्यात १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ६७ हजारांवर पब्लिकसमोर ती रांग तुटली, थर्ड बेसवरच्या फिल्डर केन केल्टनरनं दोन जबरी बॉल अडवले म्हणून. आमच्या १७ जुलैला डिमॅजिओनं तीन हिट मारले आणि बघायला मी, भाचा आणि पंखा.

विल्यम्स मात्र जवळ आला, .३९१. खरा विल्यम्स शेवटच्या दिवशी .३९९५५ वर होता, बाहेर बसला असता तर .४०० धरलं असतं, मॅनेजरनं विचारलंही होतं, पण गडी त्या दिवसाच्या दोन्ही मॅच खेळला आणि ८ पैकी ६ हिट मारून .४०६ वर गेला. आमच्याकडं त्या दिवशी भाचा मला विचारायलाय, "मामा, बसवता का याला?" म्हणलं कशाला बसवू, वाचवायचं काय राहिलंय?

पण मी अडकलो ते तिसऱ्याच माणसात. लेफ्टी ग्रोव्ह, ४१ वर्षांचा म्हातारा पिचर, सीझनच्या सुरुवातीला करिअरमध्ये २९३ मॅच जिंकलेला (बेसबॉलमध्ये जिंकलेली मॅच एका पिचरच्या नावावर लागते). खऱ्यात त्यानं त्या वर्षी बरोबर ७ जिंकल्या, २५ जुलैला तीनशे पूर्ण केल्या न् तिथंच गाडी थांबली. हे नाव मी डबा उघडायच्या आधी ऐकलेलं नव्हतं. ऑगस्टपर्यंत मी याची पाळी कधी येते म्हणून वाट बघू लागलो, रजिस्टरमध्ये त्याच्यासाठी वेगळं पान. पोळ्याच्या आदल्या रात्री २९८, गणपतीत २९९. मग चार मॅच सलग घाण. शेवटच्या दिवशीची दुसरी मॅच त्याला दिली आणि दुसऱ्याच इनिंगला पाच रन गेले. भाचा म्हणला "मामा, हा फासा कॉटवरून खाली पडला, परत टाका." पडला नव्हता. बनी तो बनी, नही तो परभनी! पेनानं लिहिलं २९९.

तर घ्यावं का? पोरांना गंमत म्हणून देणार असाल तर नका घेऊ, आठ दिवसात डबा माळ्यावर जाईल. सगळं इंग्रजीत आहे, कार्डाच्या उलट्या बाजूचे अॅडव्हान्स नियम (डावखुरा पिचर, उजवा पिचर, वीस बाजूंचा फासा) समजायला आम्हाला महिना गेला, बेसिकनंच सुरू करा. कॉम्प्युटरवर हेच अख्खं वर्ष काही मिनिटात उरकणारे गेम आहेत, भाच्याकडं एक आहे, पण त्यात ग्रोव्हसाठी वाट बघावी लागत नाही, बटण दाबलं की आकडा समोर. हातानं वही भरायची आवड असेल, आणि शेजारी तेवढाच रिकामटेकडा एक भाचा, तरच यात पडा.

अजून एक, रजिस्टर काउंटरवर उघडं ठेवू नका. सगळ्या पानांवर आकडेच आकडे, गल्लीत बोंब झाली की झेरॉक्सवाला मटका घ्यायलाय. परवा एक काका हळूच आत वाकून म्हणले, "काय रे, आज काय आलं?"

म्हणलं, "दोनशे नव्व्याण्णव."