'नो ड्रॉप' म्हणाले आणि मी पोचलो सारोळ्याला (५ पैकी २ स्टार)

पुण्यातल्या एका ग्रुपची पुणे-भोर-भाटघर सायकल राईड केली, पेड होती, ७०० रुपये, त्यात टी-शर्ट, नाश्ता आणि मागून सपोर्टचा टेम्पो. जाहिरातीत 'नो ड्रॉप राईड' असं ठळक लिहिलेलं, म्हणजे कुणालाही मागे सोडणार नाही. म्हणूनच तर पैसे भरले, नाहीतर भोरला काय आपलं आपण पण जाता येतं.

सुरुवात एक नंबर. साडेपाचला स्वारगेट, अंधारातच कात्रजचा जुना घाट चढलो, बोगद्याच्या तोंडाशी फोटो, मग खाली शिंदेवाडीपर्यंत नुसता उतार, मजा आली. खेड शिवापूरला चहा. तिथे लीडरसाहेबांनी सांगितलं की पुढे चेलाडी फाटा सोडायचा, त्याच्यानंतर कापूरहोळ, तिथून भोरकडे वळायचं, 'मी थांबतोच आहे तिथे'. हे वाक्य लक्षात ठेवा.

चेलाडी फाट्याच्या जरा अलीकडे माझी चेन उतरली. उतरली ती अशी अडकली की काढता काढता दहा मिनिटं गेली, हात काळे, आणि वर बघतो तर रस्त्यावर आपलं कोणीच नाही. स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी राहणारा माणूस, तो कधीच पुढे गेलेला (नंतर कळलं की त्याला पुढच्यांबरोबर रेस लावायची हौस आली). टेम्पो पण पुढे, कारण मिसळ गरम राहायला पाहिजे ना!

कापूरहोळला कोणी थांबलेलं नव्हतं. आणि हायवेवर ट्रक अंगावरून जात असताना माणूस पांढरी पट्टी बघत सायकल मारतो, फाटे मोजत नाही. गेलो सरळ. किकवी गेलं तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. सारोळ्याला नीरेचा पूल दिसला तेव्हा कळलं, की पलीकडे सातारा जिल्हा. टपरीवरचे आजोबा म्हणाले, "भोर? मागंच राहिलं की वो, कापूरहोळावरनं आत!"

आता माझी चूक पण सांगतो. जीपीएक्स फाईल (म्हणजे राईडच्या रस्त्याचा नकाशा) त्यांनी आदल्या रात्री पाठवलेली, मी डाउनलोड केली नाही. बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) असती तर मी गप्प बसलो असतो, तिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत स्वतःच्या जिवावर करायचे असतात, चुकलात तर तुमचं तुम्ही. पण तिथे कोणी 'मी थांबतोच आहे' म्हणत नाही हो. तुम्ही म्हणालात म्हणून तर मी फाईलकडे बघितलं नाही.

लीडरचा फोन आला पावणेदहाला, तोपर्यंत सगळ्यांची मिसळ खाऊन झालेली. "अहो मला वाटलं तुम्ही परत गेलात." असं कसं वाटलं? बावीस जण निघालो होतो. कापूरहोळला उभं राहून बावीस मोजायला अर्धा मिनिट लागतो, आणि बोगद्यापाशी फोटोसाठी वीस मिनिटं होती की यांच्याकडे. एकाला वळणावर उभा करायचा, शेवटचा गेला की तो निघेल, एवढंच काम आहे. आमच्यात दोन जण तर पहिल्यांदाच हायवेवर आलेले, माझ्या जागी त्यातलं कोणी असतं तर?

टेम्पोवाले काका मात्र भला माणूस. फोन झाल्या झाल्या न सांगता निघाले, उलट येताना मला किकवीला गाठलं, सायकल वर टाकली, डब्यात मिसळ ठेवलेली आणि पाव वेगळे बांधलेले. नेकलेस पॉइंट टेम्पोच्या काचेतून बघितला, नीरेचं ते वळण खरंच सुंदर आहे, सायकलवरून बघायचं होतं. भाटघर धरण राहिलंच.

तक्रार केली तर पुढच्या राईडला ५० टक्के सूट देतो म्हणाले. सॉरी कोणी म्हणालं नाही. नवख्यांनी जायचं असेल तर आधी विचारा स्वीप कोण आहे, त्याचा नंबर सेव्ह करा आणि फाईल डाउनलोड करा.

दोन स्टारमधला एक काकांना. दुसरा टी-शर्टला, चार धुण्यांत रंग गेला नाही.