८२ मिलिमीटरचा इलेक्ट्रिक रंधा: एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी घेतलेल्या मशीनने कोकणातला अख्खा पावसाळा काढला, तेव्हा आता त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही. नवं असताना सगळीच मशीनं छान चालतात. हा हातात धरून मारायचा रंधा आहे, रुंदी ८२ मिमी, मोटर साडेसहाशे वॉटच्या आसपास, पाती बसवलेला ड्रम पट्ट्यावर फिरणारा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या मापाची बहुतेक मशीनं आतून एकाच घराण्यातली असतात. तीच युनिव्हर्सल मोटर, तेच दोन कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे), तोच ट्रिगर स्विच. बिघडण्याच्या जागाही त्याच.

काम चांगलं करतं. साग, शिवण, आंबा यांवर एक मिलिमीटरपर्यंत खोली ठेवली तर मागे पॉलिशपेपरचं काम थोडंच उरतं. फणसाचं लाकूड ओलसर असेल तर ढलप्या बाहेर पडायच्या तोंडाशी गच्च बसतात, दर दोन हातांनंतर काडी घालून मोकळं करावं लागतं. सोबत दिलेली भुशाची पिशवी मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली, तिने ते तोंड आणखी तुंबतं. पाती कार्बाइडची, दोन्ही धारांनी वापरता येणारी. जुन्या दाराला मारताना एक विसरलेला खिळा लागला की टवका उडालाच, आणि या पात्यांना आपल्या दगडावर धार लावता येत नाही. फळीच्या शेवटाला मशीन किंचित खाली बसतं आणि तिथे जास्त खातं. शेवटी भार मागच्या मुठीवर ठेवायची सवय झाली की हा प्रकार थांबतो.

खरं लिहायचंय ते मशीन चालू न होण्याबद्दल. आषाढात इकडे घरोघरी दारं फुगतात, चौकटीला घासतात, आणि रंध्याला उसंत नसते. नेमक्या त्याच दिवसांत एका सकाळी ट्रिगर दाबला तर काही नाही. गुरगुर नाही, ठिणगी नाही, वास नाही. त्याच बोर्डवर ड्रिल लावून पाहिलं, ते फिरलं. तालुक्याच्या एका दुरुस्ती दुकानात मशीन न उघडताच ‘आर्मेचर गेलं’ (मोटरचा आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) असं सांगितलं आणि किंमत सांगितली ती नव्या मशीनच्या जवळजवळ निम्मी.

मला ते पटलं नाही. आर्मेचर जळतं तेव्हा गाजावाजा करून जळतं. कार्बनपाशी गोल आग फिरते, वार्निश जळल्याचा वास येतो, मशीन ओढत नाही, गरम होतं. एकदम मुकं झालेलं मशीन म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी करंट तुटलाय. या मोटरमध्ये वायर, स्विच, फील्ड (न फिरणारी गुंडाळी), कार्बन, आर्मेचर हे सगळं एकामागोमाग एक जोडलेलं असतं, त्यामुळे एक जागा सुटली की सगळंच बंद. मशीन गुरगुरतं पण फिरत नाही, तर ड्रममध्ये ढलपी अडकलीय किंवा बेअरिंग जाम आहे. मोटर फिरते आणि ड्रम थांबलाय, तर पट्टा तुटलाय. या दोन्ही गोष्टी वेगळ्या, त्यांचा इथे संबंध नव्हता.

आमच्या वायरमनकाकांकडे सिरीज बोर्ड आहे, म्हणजे मशीनचा करंट बल्बमधून नेणारा बोर्ड, शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब लावलेला. एलईडी इथे कामाचा नाही. आधी प्लग काढून बाजूचं झाकण खोललं आणि पट्टा उतरवला, म्हणजे चुकून मोटर फिरली तरी पाती फिरणार नाहीत. मग मशीन सिरीजमध्ये लावून ट्रिगर लॉक केला. रस्ता पूर्ण असेल तर बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. पेटला नाही. काकांनी मुठीत शिरणारी वायर, जिथे रबरी बाही संपते तिथे, दोन बोटांत धरून हळूच वाकवली. बल्ब लुकलुकला. पुन्हा वाकवली, पुन्हा लुकलुकला.

वरून वायर धडधाकट दिसत होती, आत तांब्याच्या तारा तुटलेल्या. रंधा मागेपुढे करताना सगळा ताण नेमका त्या जागी येतो, शिवाय सोबत येणारी वायर प्लास्टिकची, कडक. वीतभर वायर कापून टाकली, नवं टोक स्विचमध्ये बसवलं, आतली पकडपट्टी नीट आवळली. आवळायची ती पट्टीच, नाहीतर वायर ओढली की भार थेट स्विचच्या स्क्रूवर जातो. खर्च शून्य.

श्रावणात पुन्हा तोच प्रकार, पण या वेळी वायर वाकवून बल्ब लुकलुकेना. मूठ उघडली की वायरी सोडवायच्या आधी त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, चार टोकं कुठली कुठे हे नंतर आठवत नाही. मल्टीमीटर लावला: स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये, ट्रिगर दाबून. रस्ता पूर्ण असेल तर मीटर वाजतो. एका बाजूला आवाज आला, दुसऱ्या बाजूला नाही. स्विच हलवला तर पिठासारखी भुकटी खाली पडली. आधीच्या आठवड्यात एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डच्या) कडा मारल्या होत्या, आणि ती भुकटी या हवेत ओल धरून बसते. ब्लोअर मारून स्विच जागा झाला, पण दोन-चार दिवसच. नवीन स्विच टाकला, तेव्हापासून तक्रार नाही. एमडीएफला हे मशीन आता लावतच नाही.

उघडलंच होतं म्हणून कार्बनही काढून पाहिले, पाच मिमीच्या आसपास आले होते, बदलून टाकले. एक लक्षात ठेवा: काही कार्बनमध्ये आत स्प्रिंगची बारीक पिन असते. कार्बन झिजला की ती पिन बाहेर येऊन त्याला कम्युटेटरपासून (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) उचलते आणि मशीन अचानक बंद पडतं. तेव्हाही लोक आर्मेचरच बदलतात. कार्बन नेहमी जोडीने बदला. कम्युटेटर सगळीकडे एकसारखा तपकिरी असेल तर आर्मेचरला हात लावू नका. एखाद-दोन पट्ट्याच काळ्या जळालेल्या दिसल्या तर मग रिवाइंडिंगवाल्याकडे न्या.

ट्रिगरच्या लॉकबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, काम करताना ते बटण वापरूच नये. आमच्याकडे पावसात लाईट दिवसातून कितीदा जाते याला मोजदाद नाही. लॉक लावलेला असताना लाईट गेली, रंधा बाकावर ठेवून माणूस चहाला गेला आणि लाईट परत आली, तर मशीन बाकावरून स्वतःच चालू लागतं. ट्रिगर सोडल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत असतो, म्हणून खाली ठेवताना मशीनचा मागचा पाय टेकलाय ना हे बघून ठेवायचं.

एवढं होऊनही मशीनवर माझा राग नाही. मोटर, पट्टा, ड्रमची बेअरिंग यांना धक्का लागलेला नाही, खालची पाटी अजून पट्टी लावून पाहिली तर सरळ आहे. सोबतची प्लास्टिकची वायर मात्र कंपनीने द्यायलाच नको होती. मी शेवटी ती पूर्ण काढून तीन मीटर रबरी वायर टाकली, बाहीचं भोक थोडं मोठं करावं लागलं.