आठ बाय चारच्या प्लायवर बॅकमनचं क्लास २०

घरात मॉडेल रेल्वेसाठी जागा एका प्लायवुडच्या शीटपुरतीच आहे, आणि इंजिन मात्र ब्रिटिश डिझेलच्या पहिल्या पिढीतलंच हवं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या किंवा नवी मुंबईत ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये बहुतेकांची हीच अडचण असते. अशांनी बॅकमन या मॉडेल कंपनीचं ओओ गेजमधलं (मूळ इंजिनाच्या साधारण १/७६ मापाचं) क्लास २० घ्यावं. क्लास ४० जास्त रुबाबदार दिसतं हे खरं, पण ते २७८ मिमी लांब. मागे मार्क वन या ब्रिटिश प्रकारचे पाच प्रवासी डबे जोडले की गाडी दीड मीटरच्या पुढे जाते. प्लायच्या शीटची लांबी २४४० मिमी. बाहेरचा फेरा तयार वळणरुळांच्या तिसऱ्या त्रिज्येचा (५०५ मिमी) धरला आणि दोन्ही टोकांना थोडी कड सोडली, तर सरळ रूळ उरतो जेमतेम सव्वा मीटर. क्लास २० भरतं १८७ मिमी. त्यामागे कोळशाच्या दहा वाघिण्या आणि एक ब्रेक व्हॅन (गार्डचा ब्रेकवाला डबा) लावली तरी गाडी साधारण ११०० मिमीची होते. पूर्ण गाडी सरळ उभी दिसते.

मालगाडीच का, याचं उत्तर मूळ इंजिनात आहे. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेतून ब्रिटिश रेल्वेने निरनिराळ्या कारखान्यांकडून थोडी थोडी डिझेल इंजिनं मागवली. त्यात इंग्लिश इलेक्ट्रिकचं डी८०००, म्हणजे पुढे क्लास २० म्हटल्या गेलेल्या इंजिनांतलं पहिलं, जून १९५७ मध्ये व्हल्कन फाउंड्रीतून बाहेर पडलं. १००० अश्वशक्ती, बो-बो (दोन बोग्या, प्रत्येकीत दोन चालक आस), ७३ टन, ताशी ७५ मैल. थंडीत डबे गरम ठेवणारा बॉयलर त्यात नव्हता, म्हणून प्रवासी गाड्या मुख्यतः उन्हाळ्यात मिळायच्या. (मुंबई-पुणे मार्गावर, म्हणजे ठाण्यावरूनच, धावलेली डब्ल्यूसीएम-१ ही विजेची इंजिनंही याच कंपनीची.)

कॅब एकच, तीही एका टोकाला. बॉनेट पुढे ठेवून चालवताना ड्रायव्हरला लांबलचक नाकाच्या बाजूने डोकावावं लागे. त्यावर उपाय म्हणून १९६२ पासून क्लेटनची क्लास १७ आणली: कॅब मधोमध, दोन्हीकडे बुटकी बॉनेटं, आत दोन पॅक्समन इंजिनं. दिसायचं छान, पण इंजिनं सारखी बंद पडायची. ११७ क्लेटन बांधून झाल्यावर रेल्वेला शहाणपण आलं आणि १९६६ पासून पुन्हा क्लास २० बांधायला घेतली. एकूण २२८ झाली. ड्रायव्हरला समोरचं न दिसण्याचा प्रश्न सोडवला तो दोन इंजिनं नाकाला नाक लावून जोडून. मग दोन्ही टोकांना कॅब येते.

हा इतिहास खरेदीच्या वेळी कामी येतो. डी८००० ते डी८१२७ या पहिल्या तुकडीच्या तोंडावर गोल पांढऱ्या डिस्क असतात, डी८१२८ पासून पुढे चार अक्षरांच्या हेडकोडचा (गाडीचा प्रकार सांगणाऱ्या खुणेचा) खोका. आपल्याला १९६० च्या आसपासचा लेआउट करायचा असेल तर डिस्कवालं, हिरवं, पिवळा पट्टा नसलेलं मॉडेल घ्या. खोकेवालं हिरवं इंजिन त्या काळात नव्हतंच. मधल्या वर्षांसाठी छोटा पिवळा पट्टा, पुढे निळा रंग आणि पूर्ण पिवळं तोंड. नंबर बदलणार असाल तर एक खोच लक्षात ठेवा: १९७० च्या दशकातल्या नव्या क्रमांकात २०००० हा नंबर कोणालाच दिला नाही, त्यामुळे डी८००० चं झालं २००५०. डिस्कची जागाही अर्थपूर्ण असते, गाडीचा प्रकार त्यावरून कळतो. खालच्या दोन कडेच्या उघड्या म्हणजे एक्सप्रेस, फक्त वरची उघडी म्हणजे साधी पॅसेंजर. सोळा टनी वाघिण्यांपुढे एक्सप्रेसची खूण दिसली की जाणकार हसतात. या वाघिण्यांना इंजिनातून एकदम लागणारे सलग ब्रेक नसत, म्हणून ब्रेक व्हॅन शेवटी हवीच.

आता मॉडेल कसं चालतं. मोटर मध्ये, दोन्ही बोग्यांना चाल, आणि आठही चाकं वीज उचलतात. छोट्या लेआउटवर याचं मोल फार, कारण सांध्याच्या प्लॅस्टिक फ्रॉगवर (रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज नसलेल्या तुकड्यावर) चारचाकी शंटर हमखास अडतो, हे इंजिन संथ वेगातही सरकत पार होतं. पॅकिंगच्या डब्यातून काढल्यावर लगेच वाघिण्या जोडू नका. आधी मोकळं, मध्यम वेगात, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास फिरवा.

नाराजी दोन गोष्टींवर. पहिली ओओची जन्मखोड: मापन फुटाला ४ मिमी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १८.८३ मिमी हवं, असतं १६.५. बाजूने कळत नाही, पण समोरून पाहिलं की इंजिन अरुंद पायांवर उभं वाटतं. दुसरी म्हणजे नाकासमोरचं बटबटीत टेन्शन-लॉक कपलिंग (गाड्या जोडणारा मोठा हुक). सोबतच्या पुडीतले ब्रेकचे पाइप कपलिंग असलेल्या टोकाला लावले तर वळणावर ते कपलिंगला अडतात आणि मागची वाघीण रुळावरून उतरते. पाइप फक्त मोकळ्या टोकाला लावा.

कंट्रोलर ब्रिटिश असला तरी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आपल्याकडेही तेच. फक्त चपट्या पिनांचा प्लग बदलावा लागतो. डिकोडर (डीसीसी या डिजिटल पद्धतीसाठी इंजिनात बसवायची चिप) मात्र पॅकिंगच्या डब्यावर लिहिलेला सॉकेटचा प्रकार वाचल्याशिवाय मागवू नका, कारण बॅकमनने हे मॉडेल नव्या साच्यातही काढलं आहे आणि जुनं-नवं दोन्ही बाजारात फिरतं.

खाडीकाठच्या हवेचा त्रास इंजिनापेक्षा रुळांना जास्त. पावसाळ्यात काळी काजळी लवकर धरते, दिवे लुकलुकतात, इंजिन गचके देतं. सँडपेपर लावू नका. चरे पडतात आणि त्यात मळ आणखी बसतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. औषधांच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी असतं. चाकांसाठी युक्ती अशी: टिश्यू अल्कोहोलमध्ये भिजवून रुळावर आडवा पसरा, एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हाताने धरून कमी वेगात चाकं फिरू द्या. टिश्यूवर काळ्या रेघा उमटायच्या थांबल्या की बोग्या बदला. तेल प्लॅस्टिकला चालणारंच, सुईच्या टोकाएवढं, शिवणयंत्राचं नको. पाया बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडच्या प्लायचा घ्या, साधा प्लाय ऑगस्टपर्यंत वाकतो आणि रुळांचे जोड वर येतात.

जोडी चालवायची असेल तर दोन्ही इंजिनं एकाच पिढीच्या साच्यातली घ्या. आधी दोघांना एकेकटं त्याच फेऱ्यावर, त्याच नॉबवर फिरवून वेळ मोजा. फरक मोठा असेल तर एक दुसऱ्याला ढकलत राहतं, चाकं घसरतात आणि मोटर तापते. डीसीसीवर वेगवान इंजिनाचा सीव्ही ५ (डिकोडरमधली कमाल वेगाची सेटिंग) थोडा थोडा कमी करत जुळवा. मग दोघांच्या सीव्ही १९ मध्ये (जोडीच्या पत्त्याची सेटिंग) एकच पत्ता भरा आणि ज्याची कॅब मागे आहे त्याच्या पत्त्यात १२८ मिळवा: एकात १०, दुसऱ्यात १३८. साध्या डीसीवर यातलं काही लागत नाही. इंजिनाचं तोंड कुठेही असो, दिशा रुळातल्या ध्रुवतेवरून ठरते, त्यामुळे नाकाला नाक लावलेली जोडी आपोआप एकाच बाजूला जाते.