‘रीफ कॅल्शियम’च्या पिशवीत मीठ: पुण्यातल्या मरीन टँकवाल्यांनो, ओतण्याआधी तपासा

पारदर्शक पिशवी, अर्धा किलो पांढरी पावडर, किंमत ९०० रुपये, वर ‘रीफ कॅल्शियम’ एवढंच छापलेलं. आत कोणतं रसायन आहे, कुणी भरलं, कधी भरलं, याचा पत्ता नाही. सोबत दुकानदाराचं तोंडी माप: १०० लिटरला रोज ५ ग्रॅम. कोथरूडमधल्या एका २०० लिटरच्या रीफ टँकमध्ये (जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) ही पावडर २० दिवस याच मापाने पडत होती. तेवढ्यात ४२० पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम) असलेलं कॅल्शियम ३६० वर आलं.

हिशेब पहिल्याच आठवड्यात करता आला असता. त्या टँकमधले कोरल रोज साधारण ५ पीपीएम कॅल्शियम घेतात. अशा पिशवीत असायला हवं ते कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी धरलेलं कॅल्शियम क्लोराइड; त्यात वजनाच्या २७ टक्के कॅल्शियम असतं. म्हणजे १० ग्रॅम खरा माल टाकला तर २.७ ग्रॅम कॅल्शियम, २०० लिटरमध्ये साडेतेरा पीपीएम. रोज साडेतेरा आत आणि पाच खर्च, तर आकडा चढायला हवा. इथे तो रोज तीनने उतरत होता. पावडर जेमतेम दोन पीपीएम देत होती.

तक्रार केल्यावर दुकानदाराकडून मिळालेली उत्तरं: कॅल्शियम मोजायचं टेस्ट किट खराब असेल, मॅग्नेशियम कमी असेल, डोस दुप्पट करा. यातलं मॅग्नेशियमचं उत्तर जास्त घातक, कारण ते अर्धं खरं आहे. मॅग्नेशियम फार कमी झालं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन हीटरवर आणि पंपात पांढरा थर बसतो, आणि कॅल्शियम खरंच टिकत नाही. पण या टँकमध्ये मॅग्नेशियम १३२० पीपीएम, म्हणजे पुरेसं होतं आणि पंप स्वच्छ होता. वाढला होता तो खारटपणा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) हजारी ३५ चे जवळजवळ ३६. खरं कॅल्शियम क्लोराइडही खारटपणा थोडा वाढवतंच, म्हणून एवढ्यावर कुणाला चोर ठरवता येत नाही. त्यासाठी बादली लागते.

बादलीत १० लिटर ताजं, आदल्या दिवशी मिसळून ठेवलेलं समुद्री मिठाचं पाणी घ्या आणि कॅल्शियम मोजा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ३.७ ग्रॅम पावडर तोला, कपभर आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवून बादलीत सोडा, पंधरा मिनिटं पंप चालू ठेवा, पुन्हा मोजा. डायहायड्रेट असेल तर आकडा १०० ने वाढतो. १३५ च्या आसपास वाढला तर माल निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेलं कॅल्शियम क्लोराइड आहे. ती फसवणूक नाही, पण डोस पाऊणपटच ठेवायचा. या पिशवीने वाढवले १५. किटची चूक पाच-दहा पीपीएमची असू शकते, ८५ ची नाही.

बाकीचं काय होतं, तेही पेल्यात दिसतं. अर्धा पेला आरओच्या पाण्यात दोन चमचे पावडर टाका. निर्जल क्लोराइडने पेला चांगलाच तापतो, डायहायड्रेटने कोमट होतो, मिठाने गार राहतो. पाणी दुधाळ होऊन तळाशी गाळ बसला आणि त्या गाळावर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला, तर ती खडूची किंवा संगमरवराची भुकटी; ८ च्या वरच्या पीएचला ती विरघळत नाही, म्हणून कोरलला तिचा उपयोग शून्य. (‘ही वाळू पसरा, कॅल्शियम आपोआप मिळेल’ हेही त्याच कारणाने खोटं.) आपल्या पिशवीतली पावडर स्वच्छ विरघळली, पेला गार राहिला, खारटपणा चढला. बहुतांश साधं मीठ.

सुटा माल पावसाळ्यात घेऊच नका. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. उघड्या गोणीतून जून ते सप्टेंबरात घेतलेल्या किलोत पाण्याचेच पैसे मोजले जातात. प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून सीलबंद बाटली घ्या. तिच्यावर ‘डायहायड्रेट’ आणि शुद्धतेची टक्केवारी छापलेली हवी.

त्याहून स्वस्त म्हणजे चुन्याची निवळी. पानाच्या डबीतला ओला चुना नको, रंगाऱ्याचा नको आणि कळीचा तर नकोच, तो पाण्यात उकळतो. शुद्ध कोरडं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. जुनं झालं की हवेने त्याचा खडू होतो, व्हिनेगरवर फेस आला तर परत करा. एक लिटर आरओला २ ग्रॅम, हलवून झाकून ठेवा, फक्त वरची निवळी थेंबाथेंबाने रात्री सोडा, कारण तेव्हा टँकचा पीएच उतरलेला असतो. २०० लिटरला रोज सव्वा लिटर निवळी ५ पीपीएम कॅल्शियम आणि ०.७ डीकेएच (पाण्याच्या क्षारतेचं, म्हणजे केएचचं एकक) देते, बाष्पीभवनाचं पाणीही त्यातच भरून निघतं. पीएच ८.५ च्या पुढे जाऊ देऊ नका.

बिघडलेला टँक सावरताना आधी खारटपणा: साडेपाच लिटर पाणी काढून तेवढंच आरओ, दोन दिवसांत विभागून. मग कॅल्शियम, दिवसाला २० पीपीएमपेक्षा जास्त वाढ नको. ६० पीपीएमची तूट भरायला ४४ ग्रॅम डायहायड्रेट लागतं; तीन दिवस रोज १५ ग्रॅम, शिवाय रोजच्या खर्चाचे पावणेचार. अर्धा लिटर आरओत विरघळवून प्रवाहात सावकाश ओता. केएचसाठीचा खायचा सोडा (१०० लिटरला ३ ग्रॅम म्हणजे १ डीकेएच) त्याच वेळी टाकू नका, काही तासांचं अंतर ठेवा. नाहीतर पाण्यात पांढरं धुकं उठतं आणि दोन्ही वाया जातात.

उरलेली पावडर फेकू नका. पिशवी, बिल किंवा यूपीआयची नोंद, बादलीच्या दोन्ही मोजमापांचे फोटो एकत्र ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. पॅकबंद मालावर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्यामुळे आतलं मीठ सिद्ध होण्याआधीच कोरी पिशवी तक्रारीला पुरते.