घोस्ट की चेरी? पुण्याच्या पाण्यात कोणती कोळंबी ठेवावी

घरच्या काचेच्या टाकीत माशांऐवजी किंवा माशांच्या जोडीला गोड्या पाण्यातील लहान कोळंबी ठेवायचे एकदा ठरले, की पुण्यातील दुकानांत बहुधा दोन नावे पुढे येतात: काचेसारखी पारदर्शक घोस्ट श्रिंप आणि लालभडक चेरी श्रिंप. पहिली स्वस्त, दुसरी नगामागे बरीच महाग. त्यामुळे आधी स्वस्तातली आणून हात बसवावा आणि मग महागडीकडे वळावे, असा हिशेब नवखा माणूस मांडतो. मीही तोच मांडला होता. आता कोणी विचारले तर सुरुवात चेरीने करावी असे सांगतो, आणि याचे मुख्य कारण असे, की चेरी घेताना आपण नेमके काय घेत आहोत हे ठाऊक असते.

घोस्ट श्रिंप हे कोणा एका जातीचे नाव नाही. अमेरिकेत या नावाने प्रामुख्याने पॅलेमोनेटिस पॅल्युडोसस विकली जाते, आशियातील व्यापारात मॅक्रोब्रॅकियम लँचेस्टेरी असते, आणि नदीतून वा तलावातून पकडलेली मॅक्रोब्रॅकियमची इतर पिल्लेही लहानपणी पारदर्शकच दिसत असल्याने तीही त्याच पिशवीत येऊ शकतात. शेततळ्यांत वाढवतात ती गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी याच प्रजातीगटातली असून तिचा नर 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, एवढे सांगितले म्हणजे धोका ध्यानात यावा. मी आणलेल्या सहांपैकी पाच कोळंब्या साडेतीन-चार सेंटीमीटरांवर थांबल्या. सहावीच्या पायांची दुसरी जोडी मात्र लांबतच गेली, आणि तिसऱ्या महिन्यात टाकीतले निऑन टेट्रा हे इवले मासे रोज सकाळी मोजण्याची वेळ आली. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यालाही ती ‘घोस्ट’ म्हणूनच मिळाली होती.

दोघींच्या स्वभावातील फरक पायांतच दिसतो. चेरी, म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी, ही मूळची पूर्व आशियातील. तिच्या पुढच्या पायांच्या टोकांना इवल्या चिमट्यांवर केसांचे झुबके असतात, आणि त्यांनी ती दिवसभर दगड, पाने व काच यांवरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून तोंडात घालत असते. शिकार करण्याजोगे हत्यार तिच्याकडे नाही. घोस्टला खरे चिमटे असतात. ती उरलेले खाद्य आणि मेलेला मासा तर खातेच, पण अशक्त मासा किंवा नुकते जन्मलेले गप्पीचे पिल्लू हाती लागले तर तेही सोडत नाही. निव्वळ पाहण्याच्या आनंदात मात्र घोस्ट निर्विवाद उजवी ठरते. तांबड्या खाद्याचा कण तिला दिला, की तो चिमट्यात धरून कुरतडला जातो आणि काही मिनिटांत डोळ्यांच्या मागे, जिथे तिचे जठर असते तिथे, तांबडा ठिपका होऊन साठलेला दिसतो. चेरीच्या रंगात हे सारे झाकले जाते.

पाण्याचा प्रश्न पुण्यात दोन प्रकारचा आहे. महापालिकेचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे हे पाणी मऊ असते, आणि कात टाकल्यावर नवे कवच घडवण्यासाठी कोळंबीला जे कॅल्शियम लागते ते त्यात बेताचेच सापडते. चेरीला साधारण 6 ते 8 जीएच (पाण्याच्या जडपणाचे माप) मानवते. काष्ठौषधींच्या दुकानातील समुद्रफेनाचा तुकडा टाकीत टाकून ठेवला तर ही उणीव बरीच भरून निघते, आणि टाकलेली कातही काढून न टाकता तशीच राहू द्यावी, कारण कोळंब्या ती कुरतडून खातात. उपनगरांत बोअरवेल किंवा टँकरवर अवलंबून असणाऱ्यांची अडचण याच्या उलट असते. तिथे जड पाण्यात आरओचे पाणी मिसळावे लागते. घोस्ट या बाबतीत थोडी अधिक सोशीक असली, तरी क्लोरीन आणि अमोनिया दोघींनाही सारखेच घातक आहेत. गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने, ही सूचना पुणेकरांना पाठ असते; म्हणून पाणी बदलण्याचा वार शुक्रवार नसावा, आणि एक बादली पाणी क्लोरीन काढून कायम भरलेली असावी. टाकी मात्र कोळंबी आणण्याच्या चार ते सहा आठवडे आधी, स्पंज फिल्टर लावून, चालू केलेली असलीच पाहिजे.

उन्हाळा ही खरी परीक्षा. चेरीला 20 ते 26 अंश सेल्सिअस हे तापमान सुखाचे असते, आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या खोलीतील टाकी सहज 30 च्या पुढे जाते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. उष्ण प्रदेशातील मॅक्रोब्रॅकियम असेल तर ती हे दिवस चेरीपेक्षा बरे काढते. पण उपायही अवघड नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, आणि आपला उन्हाळा कोरडा असल्याने ही युक्ती इथे चांगली लागू पडते. घटलेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे, नाहीतर मागे राहिलेल्या क्षारांनी पाणी दिवसेंदिवस जड होत जाते.

वंशवाढीत दोघींची तुलनाच होऊ शकत नाही. चेरीची मादी वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन तीन-चार आठवडे हिंडते आणि त्यांतून थेट आईसारखीच दिसणारी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरांची पिल्ले निघतात. जावा मॉस या पाणवनस्पतीचा एक गुच्छा असला तर दहा-बारा कोळंब्यांचे काही महिन्यांत चांगले खटले होते. निळी, पिवळी, लाल अशी सरमिसळ मात्र करू नये. पुढच्या पिढ्या मळकट तपकिरी निघू लागतात. घोस्टची अंडी फुटतात खरी, पण त्यांतून बाहेर पडतात त्या पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या, ज्यांना फिल्टर ओढून घेतो, मासे गिळतात आणि योग्य खाद्य न मिळाल्यास उपासमार संपवते. काही मॅक्रोब्रॅकियमच्या अळ्यांना तर मचूळ पाणीच लागते. घोस्टचे आयुष्य वर्षभराचे, त्यामुळे तिची टाकी दरवर्षी नव्याने भरावी लागते आणि स्वस्ताईचा हिशेब तिथेच फिसकटतो.

घरात आधीपासून माशांची टाकी असेल, तर मात्र मी घोस्टच्या बाजूने बोलेन. आकाराने मोठी आणि चपळ असल्याने ती मध्यम माशांत तग धरते, तर चेरीची पिल्ले त्यांच्या दृष्टीने फुकटचा खाऊ असतात. एंजल किंवा ऑस्करसारखे मोठे मासे पाळणाऱ्यांनी दोन्हींचा विचार सोडून द्यावा.

तांब्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तांब्याच्या हंड्यातील पाणी आपल्याला मानवत असेल, पण ते टाकीत ओतू नये, आणि माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिले असेल तर ते औषध कोळंबीच्या टाकीत मुळीच घालू नये. डासांसाठी धूरफवारणी किंवा सोसायटीत कीटकनाशकाची फवारणी असेल त्या दिवशी खिडक्या लावून, टाकीवर ओले फडके टाकून हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवावा. जे औषध डासाला मारते ते कोळंबीला सोडत नाही.

घोस्टच घ्यायची असेल, तर दुकानात पिशवी उजेडाकडे धरून पाहावी. शरीर स्वच्छ पारदर्शक हवे. शेपटीचे मांस दुधाळ दिसणारी कोळंबी आजारी तरी असते किंवा फार ताणात तरी, तेव्हा ती परत ठेवायला सांगावे. आणि पायांची दुसरी जोडी पहिलीपेक्षा ठळकपणे लांब, पुढे काढलेल्या काठ्यांसारखी दिसत असेल, तर ती कितीही गोंडस वाटली तरी टेट्रांच्या टाकीत नेऊ नये.