अण्णांची मेडलं आणि नवी पेठेतले फ्रेमवाले काका

वडिलांच्या वर्षश्राद्धाआधी त्यांची मेडलं फ्रेम करून घ्यायची होती. आधी गेले त्या दुकानात "पॉलिश मारून चिकटवून देतो, ताई" म्हणाले. डबा उचलला आणि निघाले.

नवी पेठेतल्या बोळात हे छोटं दुकान आहे. काकांनी डबा उघडून पहिल्यांदा विचारलं, "कुठल्या पलटणीत होते?" मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली ती. अण्णा तेव्हा २२ वर्षांचे. घरी त्यावर कधी बोलले नाहीत. नदीचं पाणी लई गार होतं, एवढंच सांगायचे.

काकांनी मेडलं नुसत्या मऊ कापडाने पुसली. आधी ७१ च्या पूर्व आघाडीसाठी मिळालेला 'पूर्वी स्टार', मग त्याच युद्धाचं 'संग्राम मेडल', छातीवर लावतात त्याच क्रमाने मांडली. संग्राम मेडलच्या कडेवर कोरलेला अण्णांचा नंबर आणि नाव भिंगातून वाचून दाखवलं. इतकी वर्षं डबा आमच्या कपाटात होता, पण ती अक्षरं आम्ही कुणी पाहिली नव्हती. मी तिथेच रडले. काकांनी स्टूल पुढे केलं आणि काम करत राहिले.

विटलेल्या रिबिनी तशाच ठेवल्या. मेडलं दोऱ्याने टाचलीत, मागची पाटी स्क्रूची आहे, म्हणजे कधीही काढता येतील.

फोटो मी वर्दीतलाच नेला होता. "घरातला एखादा नाही का?" म्हणाले. मोबाइलमध्ये सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेतला सापडला. पांढऱ्या बाराबंदीतले अण्णा, खांद्यावर माझी लेक, दोघं मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांकडे बघतायत. अण्णा म्हणजे खरे तेच. मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने आले की स्टँडवर थर्मास घेऊन उभे असायचे, गाडी कितीही उशिरा येवो. सकाळी सगळ्यांच्या चादरींच्या घड्या कोपऱ्याला कोपरा जुळवून तेच घालायचे. आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावलेत.

१८५० रुपये झाले. दोन दिवस उशीर झाला. काच साधी आहे, रात्री ट्यूबलाइट चमकते आणि चेहरा नीट दिसत नाही. तुम्ही न चमकणारी काच आधीच मागून घ्या.

आईने फ्रेम देवघरात लावू दिली नाही. स्वयंपाकघरात, अण्णा भाकरी खायला बसायचे त्या जागेसमोर लावली आहे.