गुडघेदुखीच्या अम्मीला घेऊन उमरा : बेळगावच्या एका छोट्या सेवेबद्दल

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातून ज्यांना म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन उमऱ्याला, म्हणजे हजच्या दिवसांशिवाय करायच्या मक्केच्या यात्रेला, जायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सेवेचं नाव इथे देत नाही, कारण चालवणाऱ्या भाईंनीच तसं सांगितलंय. त्यांना ग्रुप लहान ठेवायचा आहे. बेळगावात खडेबाजार भागात ऑफिस आहे. कुणाला हवं असेल तर मला वेगळं विचारा, सांगेन.

भाई पुण्यात हिंजवडीला आयटी कंपनीत मॅनेजर होते. त्यांच्या अब्बांना एका एजंटाच्या माणसाने जेद्दाच्या विमानतळावर हातात चिठ्ठी देऊन सोडून दिलं होतं. म्हातारा माणूस रात्रभर बाकावर बसून होता. त्यानंतर भाईंनी नोकरी सोडली आणि हे काम हातात घेतलं. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याने विचारलं तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं आणि परत अम्मीच्या पासपोर्टकडे वळले. आधारवर अम्मीची जन्मतारीख १ जून, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची असते तशी, आणि रेशनकार्डावर वय वेगळंच. ते सगळं जुळवून द्यायला त्यांनी पैसे घेतले नाहीत.

अम्मीला रमजानमध्येच जायचं होतं. रमजानच्या उमऱ्याचा सवाब, म्हणजे पुण्य, हजइतका आहे, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. भाई म्हणाले, "खाला, सवाब मोठाच आहे. पण त्या गर्दीत तुमचे गुडघे मताफपर्यंत पोचायचे नाहीत. जानेवारीत चला." मताफ म्हणजे काब्याभोवती फेरे घालायची जागा. रमजानचे दर सगळ्यात जास्त असतात. तो फायदा सोडून त्यांनी थंडीचे दिवस सांगितले, तिथेच माझा विश्वास बसला.

'हरमपासून', म्हणजे काब्याभोवतीच्या मोठ्या मशिदीपासून, '५०० मीटर' असं सगळ्यांच्या जाहिरातीत असतं. ते मीटर कुठून मोजले, वाटेत चढ किती, हे कुणी सांगत नाही, आणि मक्का तर डोंगरांमधलं शहर आहे. भाईंच्या कागदावर मीटर नव्हतेच. खोलीच्या दारापासून हरमच्या अंगणापर्यंत हळू चालणाऱ्या माणसाला किती मिनिटं लागतात, चढ कुठे आहे, नमाज सुटल्यावर लिफ्टसाठी किती थांबावं लागतं, असं लिहिलेलं. आम्ही चाललो तेव्हा ते खरं निघालं. पैशाचंही तसंच. तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, जीएसटी, टीसीएस, प्रत्येकाची वेगळी ओळ. टीसीएस म्हणजे पॅकेजवर आधीच घेतला जाणारा आयकर, त्याची रक्कम रिटर्न भरून परत मागता येते, हे मला आजवर कुठल्याच एजंटाने सांगितलं नव्हतं. मेनिंजायटिसची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, त्याचा फोन त्यांच्याकडूनच आला.

सगळ्यात मोलाची वाटली ती जायच्या आधीची शिकवणी. एका हॉलमध्ये त्यांनी मधोमध काबा म्हणून मोठं खोकं ठेवलं, भोवती खडूने गोल काढला आणि बायकांना खरोखर तवाफचे सात फेरे चालायला लावलं. काबा डाव्या हाताला राहिला पाहिजे. हजरे अस्वदच्या, म्हणजे काब्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाच्या, रेषेत भिंतीवर हिरवा दिवा असतो, तिथून फेरा मोजायचा. हतीमच्या, म्हणजे काब्यालगतच्या अर्धगोल भिंतीच्या, आतून गेलात तर तो फेरा धरला जात नाही, कारण तो काब्याचाच भाग. हे सगळं पाय चालवून शिकवल्यामुळे अम्मीच्या डोक्यात बसलं. सोबत मोठ्या अक्षरांची मराठी पुस्तिका, तलबिया (यात्रेत म्हणायचा घोष) आणि दुआ देवनागरीत. आमच्या भागात माझ्यासारख्या कितीतरी जणी मराठी शाळेत शिकल्या, उर्दू बोलता येतं पण वाचताना अडखळतात. अम्मीचं शिक्षण चौथीपर्यंत. तिने ती पुस्तिका बोट ठेवून स्वतः वाचली, कुणाला विचारावं लागलं नाही.

मी निपाणीत लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते, त्यामुळे त्यांनी दिलेली गळ्यात अडकवायची पिशवी आधी उलटी करून पाहिली. दुहेरी शिलाई, आतून चोरखिसा, पट्टा रुंद. मानेला काचत नाही. विचार न करता शिवलेली वस्तू नव्हती ती.

तिथे भाईंच्या बायकोने, भाभींनी, बायकांची सगळी जबाबदारी घेतली. मदिन्यात पैगंबरांच्या मशिदीतल्या रियाजुल जन्नत या जागेत जायला नुसुक या सौदी सरकारी ॲपवर परवाना लागतो, बायकांची वेळ वेगळी असते. अम्मीकडे बटणांचा फोन. भाभींनी माझ्या फोनवर तिचं खातं काढून दिलं आणि ठरलेल्या वेळी आम्हाला दारापर्यंत नेलं. सई म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या खेपा. सफा ते मरवा साधारण ४५० मीटर, सात वेळा म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. अम्मीला व्हीलचेअरवर बसायचं नव्हतं, इबादत पायांनी व्हावी असं तिचं म्हणणं. भाभींनी वाद घातला नाही. पहिली खेप तिला चालू दिलं, मग मधल्या व्हीलचेअरच्या मार्गावर नेलं. तवाफ आणि सई दोन्ही झाल्यावर अम्मी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. मक्केहून मदिन्याला बसने न नेता हरमैन रेल्वेने नेलं, सव्वादोन तासांच्या आसपास. जास्तीचे पैसे आधीच कागदावर होते, आणि तिच्या गुडघ्यांकडे बघता मी ते दुप्पटही दिले असते.

आता खटकलेलं. बेळगाव ते मुंबईची रात्रीची बस बसून जायची होती. विमान सुटायच्या आधीच म्हाताऱ्यांचे पाय सुजले. स्लीपर करा, असं मी भाईंना स्पष्ट सांगितलंय. जेवण स्वच्छ होतं, पण रोज भात आणि मसालेदार रस्सा. भाकरी खाणाऱ्या माणसांना आठवड्यात दोनदा तरी पातळ डाळ आणि चपाती हवी. शुक्रवारी दुपारी फोन लागत नाही. इतरांपेक्षा दहाएक हजार जास्त जातात, हेही खरं.

हजचं काम ते करत नाहीत. पण हज कमिटीचा ऑनलाइन फॉर्म भरून देतात, तेही फुकट, आणि कुर्ऱ्यात (सोडतीत) नाव नाही लागलं तर खासगी पॅकेज गळ्यात मारत नाहीत. आमच्या शेजारच्या चाचांनी तिथूनच भरला.

एक मागणी मात्र आहे आणि ती मी त्यांना लिहूनही दिलीय. आमच्या ग्रुपमध्ये गोकाक आणि बैलहोंगलच्या चार बायका होत्या, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. दुआ त्यांना मी वाचून दाखवायचे. तीच पुस्तिका तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कन्नडमध्येही छापा. अक्षरजुळणी तपासायला माझ्या दुकानातली मुलगी आहे, कन्नड शाळेत शिकलेली, ती तयार आहे.